मीठ आणि पाणी

निपाणी, १२ ऑगस्ट २०२५

नेमिनाथ,

काल तुझा गोमटेश दवाखान्यात आला, तुझा कागद टेबलावर ठेवला आणि माझी सही मागितली. म्हणून हे पत्र लिहावं लागतं आहे.

कागद मी दोनदा वाचला. यंदा दशलक्षण पर्वाचे दहाही दिवस तू उपवास धरणार, दिवसातून एकदा उकळलेलं पाणी घेणार, आणि मध्ये तुझी शुद्ध हरपली तरी तुला शिरेतून कोणतीही बाटली लावायची नाही. खाली डॉक्टरच्या सहीसाठी जागा सोडली आहेस. बोरगावापासून निपाणीपर्यंत वाटेत वीसेक डॉक्टर बसतात. मी गोमटेशला तसं म्हटलं तर तो म्हणाला, "आप्पा म्हणतात, सही आक्काचीच पायजे. बाटलीत काय असतं ते तिलाच ठाऊक, मला न्हाय."

टोमणा पोचला.

मी सही केलेली नाही. करणारच नाही, असंही म्हणत नाही. तुझा उपवास तुझा आहे, त्यात मी पडणार नाही. पण तू सहासष्ट वर्षांचा आहेस, ब्लडप्रेशरची गोळी घेतोस, आणि आपल्या घरात असा उपवास एकदा अंगाशी आलेला आहे. २००७ साली पाचव्या दिवशी आईला उलट्या-जुलाब सुरू झाले आणि तू तिला माझ्याकडे आणलंस, तेव्हा तिची नाडी मनगटाला लागत नव्हती. मी तिला दोन बाटल्या लावल्या. चौथ्या दिवशी ती घरी जायला निघाली, तेव्हा तू व्हरांड्यात मला विचारलंस, त्यात काय होतं. मी सांगितलं, गाईगुरांच्या हाडांपासून केलेलं जिलेटिन, आणि त्याच्याशिवाय आई वाचली नसती. आईला जीपमध्ये बसवलंस आणि गेलास. आई पुढे चार वर्षं जगली. त्या चार वर्षांत आणि नंतरही तू या दवाखान्याची पायरी चढला नाहीस.

कागद माझ्याकडे ठेवून घेतला आहे. सही हवी असेल तर आधी हृदयाचा आलेख आणि मूत्रपिंडाची तपासणी करून पाठव. आणि तुला नेमकं काय नको आहे ते मला कळव. "कोणतीही बाटली" हे काही उत्तर नाही. माझ्या कपाटात सात प्रकारच्या आहेत.

आक्का

निपाणी, १७ ऑगस्ट २०२५

नेमिनाथ,

माझंच पत्र, मागच्या कोऱ्या बाजूला एक ओळ लिहून, परत पाठवलंस. कागद वाया घालवायचा नाही, हा आपल्या वडिलांचा स्वभाव तू बरा उचललास. तुझी ओळ: "सगळ्या बाटल्यांत काय असतं ते लिही, एकही न गाळता." तपासण्याही मिळाल्या. दोन्ही ठीक आहेत.

आज रविवार, दवाखान्यात गर्दी नव्हती. मनुबाईंना घेऊन कपाट उघडलं. तुला त्या आठवत असतील, शहापूरच्या, पस्तीस वर्षं माझ्याकडे नर्स आहेत. त्या एकेक बाटली काढून वाचत होत्या, मी लिहीत होते. मध्येच म्हणाल्या, "बाई, तुमच्या भावानं परीक्षाच लावली की तुमची. इतकं तर कॉलेजात बी इचारलं नसंल." कॉलेजात यापेक्षा कमीच विचारलं होतं, हे खरं आहे.

आधी शॉक म्हणजे काय ते सांगते. लोक धक्का, भीती असं समजतात. आम्ही शॉक म्हणतो ते तेव्हा, जेव्हा रक्त शरीरात सगळीकडे पुरेशा जोराने पोचत नाही. हात गार पडतात, नाडी धावते, लघवी थांबते, माणूस गुंगतो. कारणं वेगळी, म्हणून उपायही वेगळा. रक्त गेलं असेल तर रक्तच द्यावं लागतं. हृदयच थकलं असेल तर बाटली जपून, कधी कधी मुळीच नाही. पाणी फुप्फुसात साठतं. उलट्या-जुलाबाने किंवा उपवासाने अंगातलं पाणी गेलं असेल तर बाटली लागते, आणि वेळेवर लागते.

आता बाटल्या. साखर-पाणी: त्यात द्राक्षसाखर असते. ते तुझ्या हिशेबात अन्न, आणि माझ्या हिशेबात शॉकला निरुपयोगी, कारण ते नसेत टिकत नाही, सगळ्या अंगात पसरून जातं. लोकांना मात्र साखरेच्या बाटलीने ताकद येते असं वाटतं, आणि त्यात पिवळं जीवनसत्त्व घातलं की फारच बरं वाटतं. साखर-मीठ मिश्र, लहान मुलांचं, असे दोन प्रकार आहेत. तुझ्या कामाचे नाहीत. पिठाची बाटली, म्हणजे मक्याच्या स्टार्चची, ती आता मी ठेवत नाही. एकेकाळी ती मोठी मानाची होती. पुढे तिच्याने मूत्रपिंडं बिघडतात हे कळलं. कपाटात एक जुनी निघाली, मनुबाईंनी मोरीत ओतली. अल्ब्युमिन माणसाच्या रक्तातून काढतात. लहान बाटली, माझ्याकडे एकच आहे, तुला तिची गरज पडणार नाही.

उरल्या दोन. पहिली रिंगर लॅक्टेट. आम्ही शॉकमध्ये बहुतेक वेळा आधी हीच घेतो. मीठ, थोडं पोटॅशियम, थोडं कॅल्शियम आणि लॅक्टेट. लॅक्टेट म्हणजे दूध नव्हे. पण ते साखर आंबवून करतात, आणि आंबवण्यात जीवाणू असतात. हे वाक्य मी गाळलं असतं तर तुला कधी कळलं नसतं. गाळलेलं नाही.

दुसरी नॉर्मल सलाइन. मीठ आणि पाणी. एक लिटरला नऊ ग्रॅम मीठ. तिसरा पदार्थ नाही.

जिलेटिनची बाटली कपाटात नाही. तुला हेही हवं असेल, म्हणून लिहिलं.

आक्का

निपाणी, २३ ऑगस्ट २०२५

नेमिनाथ,

तुझा कागद आला. या वेळी चार ओळी आहेत, म्हणजे प्रगती आहे.

रिंगर नको, कारण आंबवलेलं. ठीक. मीठ-पाण्याचं बघू म्हणतोस, पण अडचण अशी, की उकळलेल्या पाण्याची मर्यादा चोवीस तास, आणि गोमटेशने फोटो काढून आणलेल्या बाटलीवर ती भरल्याचा मार्च महिना आहे. हे वाचून मला हसू आलं आणि मनुबाईंनाही सांगावं लागलं. पण विचार केला तर तुझा प्रश्न माझ्याच धंद्याचा आहे. पाणी उकळल्यावर उघडं राहिलं तर पुन्हा त्यात जीव पडतात, म्हणून मर्यादा. ही बाटली बंद करून मग एकशे एकवीस अंशाच्या वाफेत तापवतात, आणि त्यानंतर तिच्यात हवाही शिरत नाही. फोडेपर्यंत आतलं पाणी त्या क्षणाचंच असतं. तुझ्या शास्त्रात हे बसतं की नाही ते तू ठरव. आमच्या शास्त्रात मात्र फोडलेली बाटली चोवीस तासांनी फेकतात. या एका बाबतीत आपलं दोघांचं जमतं.

आता तुझी तिसरी ओळ. तू लिहितोस की त्या बाटल्यांबद्दल तू आईला कधी सांगितलं नाहीस, आणि तिच्या वतीने तूच वर्षभर एकाशन केलंस, दिवसाला एकदा जेवलास. हे मला माहीत नव्हतं. त्या वर्षी गावच्या लग्नात तुला लांबून पाहिलं, तेव्हा तू पार वाळला होतास. मला वाटलं साखर झाली असेल.

आणि चौथी ओळ: "त्या दिवशी कपाटात दुसरं काही होतं का?"

ही ओळ येणार, हे तुझा कागद गोमटेशने टेबलावर ठेवला तेव्हाच मला कळलं होतं. सही तुला त्यासाठीच माझी हवी होती.

होतं. रिंगरच्या सहा बाटल्या होत्या. मीठ-पाण्याच्या किती, ते लिहिलेलं नाही, पण त्या नेहमीच असतात.

सगळंच सांगते. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं की जिलेटिनसारखा जाड द्रव नसेत टिकतो, पाण्यासारखा झिरपून जात नाही, रक्तदाब लवकर वर येतो. ते मी खरं मानत होते. पण तेवढंच कारण नव्हतं. ती बाटली महागडी होती, मी ती जपून ठेवत असे, आणि समोर आई होती. तंबाखूच्या कारखान्यांतल्या बायांना रिंगर आणि माझ्या आईला पण रिंगर, हे मला पटेना. आपल्या माणसाला भारीतलं द्यायचं, एवढाच माझा त्या दिवशीचा विचार होता.

तो विचार चुकीचा होता, हे माझ्याच रजिस्टरात आहे. त्याच आठवड्यात तंबाखूच्या वखारीतली मालुबाई आली होती, आईच्याच वयाची, तसेच उलट्या-जुलाब, तशीच न लागणारी नाडी. तिला रिंगरच्या पाच बाटल्या लावल्या. ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वतःच्या पायांनी घरी गेली, आई चौथ्या दिवशी. ही एकच गोष्ट धरली तर काही सिद्ध होत नाही. पण पुढे मोठमोठ्या इस्पितळांत हजारो रोग्यांवर पाहिलं गेलं आणि जाड द्रवाने माणसं जास्त वाचतात असं कुठे दिसलं नाही. ते वाचलं त्या दिवशी मी जुनं रजिस्टर काढून ते पान पाहिलं. त्याला बारा वर्षं झाली. तुला कळवलं नाही.

म्हणजे व्हरांड्यात मी तुला सांगितलं की त्याच्याशिवाय आई वाचली नसती, ते खोटं ठरलं. आई साध्या बाटलीनेही वाचली असती.

आणखी एक. बाटली लावण्याआधी आईने डोळे उघडून मला विचारलं होतं, "काय हाय गं त्यात?" मी म्हणाले, "मीठ-पाणी." तिने मान हलवली आणि हात पुढे केला. तुला इंग्रजी वाचता येतं, म्हणून लेबल मी आधीच कात्रीने कापून घेतलं होतं. ते माझ्याकडे आहे.

सही तुला आता कुणा दुसऱ्याची हवी असेल तर मी कागद परत पाठवते.

आक्का

निपाणी, २७ ऑगस्ट २०२५

नेमिनाथ,

तुझा नवा कागद मिळाला. "कोणतीही बाटली" यावर काट मारून तू "मीठ-पाण्याखेरीज कोणतीही बाटली" असं केलं आहेस, आणि खाली "सूर्यास्तानंतर तीही नको". माझ्या मागच्या पत्रावर एक अक्षरही लिहिलेलं नाहीस. मी ते मागणार नाही.

सही केली आहे. रात्रीची अट मला पसंत नाही, पण तुझ्या अंगावर तुझाच अधिकार, म्हणून तिच्यासकट केली. ब्लडप्रेशरची गोळी उद्यापासून बंद. रोज सकाळी त्रिशलाने नाडी मोजून गोमटेशकडून मला फोनवर कळवायची. आपल्या आईची सून आहे ती, सासूला उपवासात पडताना पाहिलेली, तिला कशाला घाबरायचं आणि कशाला नाही हे कळतं.

गोमटेशबरोबर मीठ-पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या पाठवते आहे, नळी आणि सुया. लेबलं शाबूत आहेत, मोजून घे. बाटल्या देवघरात ठेवू नकोस, उन्हातही नको. मी आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, गावातल्या कंपाउंडरने तर नाहीच.

आक्का

निपाणी, ५ सप्टेंबर २०२५

नेमिनाथ,

काल काय काय झालं ते तुला तुकड्या-तुकड्यांनीच आठवतं, असं गोमटेशने सकाळी फोनवर सांगितलं. म्हणून लिहून पाठवते. तुझी आठवण कच्ची राहून उद्या तू पुन्हा "काय लावलंस" म्हणून विचारायला नको.

काल तुझा आठवा दिवस. सव्वातीनला त्रिशलाचा फोन आला. सकाळपासून चार उलट्या, आणि मोरीच्या दारात तू बसकण मारलीस ती उठेचनास. मी चार वाजून दहा मिनिटांनी तुझ्या घरी पोचले. अठरा वर्षांनी आले, पण उंबऱ्यावर थांबून बघायला वेळ नव्हता. नाडी एकशे अठ्ठावीस, वरचा रक्तदाब चौऱ्याहत्तर, हात कोपरापर्यंत गार. सकाळपासून लघवी नाही. छातीला नळी लावून पाहिली, फुप्फुसं कोरडी, हृदय ठीक. म्हणजे बाटली हवी, हे नक्की.

खोलीत सात-आठ माणसं होती. शेजारचे महादेवआप्पा म्हणाले, "आक्का, नेमानं चाललंय त्याचं. आता कशाला मोडताय?" त्रिशला तुझ्या पायांशी बसली होती. ती त्यांना म्हणाली, "आप्पा, कागद लिवलाय त्यांनी सोताच्या हातानं. वाचून दावू का?" मग महादेवआप्पा बाहेर गेले, आणि त्यांच्या मागून बाकीचेही.

मी सुई काढली तेव्हा तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, "काय हाय त्यात?"

तोच प्रश्न, आणि जवळजवळ तोच आवाज. मी म्हणाले, "मीठ आणि पाणी." आणि या वेळी बाटली तुझ्या हातात दिली.

तू ती वाचलीस. तुला चष्मा हवा होता, तो गोमटेशने लावला. वरची ओळ, मग खालची बारीक अक्षरं, मग तारीख. दोन मिनिटं तरी घेतलीस. मी दुसऱ्या कुणा रोग्याला अशा अवस्थेत दोन मिनिटं दिली नसती. मी तुझा दंड धरून उभी होते आणि तुझा अंगठा लेबलावरून एकेका शब्दाखालून सरकत होता. मग तू बाटली मला परत दिलीस आणि म्हणालास, "मावळायच्या आत संपव."

सूर्यास्त सहा अडतीसचा होता. पहिली बाटली वीस मिनिटांत सोडली. नाडी एकशे दहावर आली, हात थोडे कोमट झाले. दुसरी सावकाश, तासाभरात. सहाला दहा कमी असताना रक्तदाब एकशे चार झाला आणि तू लघवीला मागितलंस. यंत्रापेक्षा माझा विश्वास त्या मागण्यावर जास्त आहे. गोमटेश म्हणाला, "आत्या, अजून एक लावू या की. हाईत न्हवं दोन?" मी त्याला सांगितलं, आहेत म्हणून लावायच्या नसतात. चढवलेलं पाणी पुन्हा काढून घेता येत नाही.

एक गोष्ट तुझ्या माहितीसाठी. उलट्यांतून पोटातला आंबट रस जातो, आणि त्याची भरपाई मीठ-पाण्याने नीट होते. काल तुझ्या जागी मालुबाई असती तरी मी रिंगर न घेता हीच बाटली घेतली असती. तुला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही. तुझी अट आणि माझी निवड एकाच बाटलीवर आली, एवढंच.

रक्त तपासायला नेलं होतं. पोटॅशियम थोडं कमी आहे, अजून धोक्याचं नाही. उपवास मोडला की नाही ते मला विचारू नकोस. तुझं तू काल मी निघताना सांगितलंसच: "तोंडात काय गेलं न्हाय, आक्का." ते "आक्का" मी ऐकलं.

पारण्याला घाई करू नकोस. इतक्या दिवसांनी एकदम पोटभर खाल्लं तर ते या उलट्यांपेक्षा मोठं संकट होतं. पहिल्या दिवशी मुगाचं पाणी चमच्या-चमच्याने, दुसऱ्या दिवशी भाताची पेज, आणि मी लिहून दिलेल्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या पहिल्या घासाच्या आधी. त्रिशलाला सांगितलं आहे. ती म्हणाली, "श्रीखंड केलं तर?" मी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

आक्का

निपाणी, १७ सप्टेंबर २०२५

आज सकाळी अकरा वाजता नेमिनाथ गोमटेशबरोबर दवाखान्यात आला. वजन चार किलो उतरलेलं, रक्तदाब एकशे चोवीस, चाल चांगली. बाहेरच्या बाकावर रोग्यांच्या रांगेत बसला, मनुबाई आत बोलवायला गेल्या तर म्हणाला, "नंबर येऊ दे की." नंबर चौदावा होता. समक्ष भेट झाल्यामुळे पत्र लिहिलेलं नाही. दवाखान्यातून काही गेलं-आलं की लिहून ठेवायचं, या नियमाने ही नोंद. एक प्रत त्याला.

परत आलं: मीठ-पाण्याच्या सीलबंद बाटल्या, दोन. तपासून कपाटात ठेवल्या.

परत आलं नाही: रिकाम्या बाटल्या, दोन, लेबलांसकट. त्या नेमिनाथने ठेवून घेतल्या आहेत. कशासाठी ते विचारलं नाही.

दिलं: २००७ सालच्या वॉर्ड रजिस्टरच्या एका पानाची झेरॉक्स. त्या पानावर आईची आणि मालुबाईची, दोघींची नोंद आहे. त्याने उभ्या-उभ्या वाचली.

दिलं: कात्रीने कापलेलं लेबल, एक, अठरा वर्षांचं. तेही त्याने पूर्ण वाचलं, चष्मा लावून, अंगठा फिरवून. चौपदरी घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

घेतलं: आईचं पाणी गाळायचं फडकं, एक, धुतलेलं, घडी घातलेलं. नेमिनाथने पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "हे तुझ्याकडं असू दे आता." आई या फडक्यातून गाळल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नसे; एका कोपऱ्याला तिने घातलेली टीप आहे. फडकं शाबूत आहे.

देणार-घेणार दोघांच्या सह्या:
नेमिनाथ
पद्मावती
साक्षीदार: मनुबाई